यादोरावांनी बालीत पाणी अडवले

मे महिन्याच्या अखेरीस नवेगाव बांध येथील धान उत्पादक शेतकरी यादोराव यांनी इंडोनेशियातील बाली बेटावर दुसऱ्याच्या शेतात जाणारे पाणी अडवले. सकाळी अडवलेले पाणी दुपारी मोकळे करण्यात आले. यादोराव तिथे मुलीची सोयरीक पाहायला गेले होते. ते माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी त्यांच्यासोबत होतो.

मुलीचे नाव प्रणाली. ती एकुलती एक. नागपुरात हॉटेलचे शिक्षण घेऊन ती बालीतल्या एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात नोकरीला लागली. पर्यटकांना गाडीतून फिरवणाऱ्या वायान नावाच्या तरुणाशी लग्न करायचे आहे, असे तिने फोनवर कळवले. ताई एक दिवस रडली. दुसऱ्या दिवशी तिने ते लोक काय खातात हे विचारून घेतले. पुढच्या आठवड्यात जेवताना यादोराव म्हणाले, "पाहून येऊ."

ताई आली नाही. विमानाच्या विषयावर तिचे मत ठरलेले आहे. "मी हवेत बसत नाई," ती म्हणाली. "तू जाय. तू पेपरवाला हायेस, जे दिसन तेच सांगशीन. तुह्या भाऊजीच्या तोंडातून तं शब्द निंघत नाई."

गोंदियाजवळ बिरसीला विमानतळ आहे. तिथून बालीला विमान जात नाही. आम्ही नागपूरमार्गे गेलो. मधल्या प्रवासात सांगण्यासारखे काही घडले नाही. मृग लागण्याआधी परत यायचे आणि पऱ्हे टाकायचे, म्हणजे रोपांसाठी धानाचे बी पेरायचे, एवढीच यादोरावांची अट होती.

सानूर

बालीतल्या सानूरला यादोरावांनी समुद्र प्रथमच पाहिला. नवेगावचा तलाव मोठा आहे, पण त्याचा पलीकडचा काठ दिसतो. त्यांनी चपला काढून हातात घेतल्या, ओंजळीत पाणी घेतले, चाखले आणि थुंकले. पाणी खारट असल्याची खात्री झाली.

सानूरच्या किनाऱ्यावर ओहोटी लांबवर जाते. सकाळी पायऱ्यांपर्यंत असलेले पाणी दुपारी इतके मागे गेले, की तळातले खडक आणि शेवाळ उघडे पडले. बायका टोपल्या घेऊन त्यातून काहीबाही वेचत होत्या. यादोराव बराच वेळ पाहत उभे होते.

"कोनं सोडलं?" त्यांनी विचारले.

"काय?"

"पानी. कोनं सोडलं?"

ओहोटीचा चंद्राशी संबंध असतो, असे मी सांगितले. त्यांनी आकाशाकडे पाहिले. भर दुपारी चंद्र दिसत नव्हता. त्यांनी हे उत्तर मान्य केले की नाही, ते कळले नाही.

वाळूत परदेशी पर्यटक उन्हात झोपले होते. आम्ही निघालो त्या दिवशी गोंदियात दुपारी उन्हामुळे रस्त्यावर कुत्रे दिसत नव्हते. यादोरावांनी डोक्याला गमछा गुंडाळला आणि म्हणाले, "यायच्या घरी छत नाई का?" सोबत आलेली प्रणाली हसली. बापलेकीत झालेले तोवरचे हे सर्वात लांब संभाषण होते.

वायान या वेळी सोबत होता. अंगाने किरकोळ, बोलायला हळू. त्याने यादोरावांना वाकून नमस्कार केला. कुठून तरी शिकून आला होता. यादोराव त्याच्याशी हिंदीत बोलले. परक्या माणसाशी हिंदीत बोलायचे, ही गोंदियाच्या बाजाराची रीत आहे. समोरच्याला हिंदी येते की नाही, हा प्रश्न त्यात येत नाही.

"खेती है?"

प्रणालीने भाषांतर केले. शेती आहे, वडील करतात, असे वायान म्हणाला.

"तू नही करता?"

वायानने गाडीकडे बोट दाखवले.

काळी वाळू

दुसऱ्या दिवशी ग्यान्यार जिल्ह्यातल्या किनाऱ्यावर थांबलो. इथली वाळू काळी आहे, आणि ओली झाली की चमकते. दहाच्या सुमारास ती इतकी तापली, की अनवाणी उतरलेले यादोराव उड्या मारत परत आले. वरच्या डोंगरातल्या ज्वालामुखीने पूर्वी जे बाहेर टाकले ते नद्यांनी वाहून इथे आणले, असे वायानने सांगितले. यादोरावांनी मूठभर वाळू उचलून बोटांत चोळली.

"हे वाळू नाई," ते म्हणाले. "चुलीतली राख हाये."

किनाऱ्यावरच्या टपरीत बिनदुधाचा चहा मिळाला. दूध मागितल्यावर डब्यातले गोड घट्ट दूध आले. यादोरावांनी ते चमच्याने वेगळे खाल्ले आणि चहा काळाच प्याले.

न्योमान यांचे गाव

वायानच्या वडिलांचे नाव न्योमान. बालीत पहिल्या अपत्याचे नाव वायान, दुसऱ्याचे माडे, तिसऱ्याचे न्योमान, चौथ्याचे केतुत. पाचवे झाले तर पुन्हा वायान. हे ऐकून यादोरावांनी विचारले, "मंग शाळेत मास्तर हजेरी कशी घेते?" मास्तरही बहुधा माडे असतो, असे उत्तर मिळाले.

गाव समुद्रापासून वर, डोंगराच्या उतारावर आहे. पायऱ्यापायऱ्यांची भातशेती खाली दरीपर्यंत उतरते. आमच्याकडे धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली खाचरे, सपाट असतात आणि सगळ्यांचा हंगाम एकच असतो. इथे एका बांधीत नांगर चालू होता, शेजारी रोवणी, म्हणजे भाताची लावणी, झाली होती, त्याखाली कापणी. यादोराव गाडीतून उतरले ते तिथेच उभे राहिले.

"यायले नक्षत्र नाई का गा?"

घर म्हणजे एका आवारातल्या चार-पाच खोल्या आणि कोपऱ्यात कुटुंबाची देवळे. फाटकापाशी रोज सकाळी नारळाच्या पानाच्या छोट्या द्रोणात फुले आणि भाताची शिते ठेवतात. कुत्री ती शिते खातात. कोणी हाकलत नाही.

न्योमान यादोरावांच्याच वयाचे असावेत. पायाच्या नखांत चिखल, तळवे फाटलेले. यादोरावांनी ते पाय पाहिले आणि खुर्चीवर जरा सैल बसले.

जेवणात भात, केळीच्या पानात भाजलेला मासा, शेवग्याची भाजी आणि कच्च्या मिरचीचा ठेचा होता. डुकराचे मांस त्यांच्याकडे सणाचे जेवण आहे. प्रणालीने आधीच सांगितल्याने ते केले नव्हते. यादोरावांनी दोनदा भात मागून घेतला. ताईने व्हिडिओ कॉल केला.

"भात कसा हाये?"

"थोडा चिकट."

"अना मानसं?"

"मानसंच हायेत."

"अवो, तसं नाई. कशी हायेत?"

यादोरावांनी फोन माझ्याकडे दिला. मी दिसले तेवढे सांगितले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गावातली वडीलधारी मंडळी येणार होती आणि त्यांच्यासमोर यादोरावांनी आपला निर्णय सांगायचा होता, हेही सांगितले. निर्णय काय, असे ताईने विचारले. मला माहीत नव्हते.

पाणी

यादोराव घरी असतात तसेच इथेही पहाटे उठले आणि शेत पाहायला गेले. मी झोपलो होतो. पुढचा तपशील त्यांनी स्वतः दिलेला आहे.

वरून येणारा पाट न्योमान यांच्या शेताच्या कडेला दोन भागांत फुटतो. तिथे नारळाच्या खोडाचा ओंडका आडवा टाकून त्यात दोन खाचा पाडल्या आहेत. एका खाचेतून न्योमान यांना पाणी मिळते, दुसरीतून खालच्या शेजाऱ्याला. न्योमान यांचा धान निसवला होता, म्हणजे लोंबी बाहेर पडत होती; या वेळी त्याला पाणी लागते. शेजाऱ्याच्या बांधीत कापणी होऊन नुसते धसकट उरले होते. तरी पाणी तिकडे चालले होते आणि बांधीतून पुढे दरीत पडत होते.

नवेगावच्या परिसरात एक रीत आहे. कुणाच्याही धुऱ्यातून, म्हणजे शेताच्या बांधातून, पाणी वाहून जाताना दिसले, तर दिसणाऱ्याने आधी ते बुजवायचे आणि मग मालकाला सांगायचे. परवानगी विचारत बसले तर तोवर बांधी कोरडी होते. तलाव बांधणाऱ्या कोहळी कुटुंबांत हे लहानपणीच अंगवळणी पडते. यादोरावांनी चिखलाचे ढेकूळ आणि गवत घेऊन शेजाऱ्याची खाच बुजवली. वरून पाय देऊन पक्की केली. मालक कोण ते माहीत नव्हते आणि भाषाही नव्हती, म्हणून सांगायचे राहिले. ते परत येऊन आंघोळीला गेले.

दुपारी शेजारी फाटकाशी आला. नाव माडे. तो ओरडला नाही. हात पुढे बांधून न्योमान यांच्याशी हळू आवाजात बोलला आणि गेला. न्योमान शेताकडे धावत गेले. आम्ही पोहोचलो तेव्हा ते खाच हातांनी उकरत होते. खालच्या बांधीत माडेची बदके चिखलात उभी होती.

"बाबा, तुमी कायले हात लावला जी?" प्रणालीने विचारले.

"पानी वाया जाऊन रायलं होतं."

"वाया नाई जाऊन रायलं होतं. त्याची पारी होती. नांगराच्या आधी जमीन भिजवाची होती त्याले. किती दिवसांपासून वाट पाहून रायला होता."

"धसकटात पानी कोन सोडते?"

"इथं सोडतेत."



वायानने परिस्थिती समजावली. पाण्याची पाळी शेतकऱ्यांची मंडळी ठरवते. तिला सुबाक म्हणतात. खाचेला हात लावणे म्हणजे पाणी चोरणे. पाणी न्योमान यांच्या शेतात साठले होते आणि ते त्यांच्या पाहुण्याने अडवले होते. पाहुण्याने केलेले यजमानाने केले, असे धरले जाते. न्योमान यांना आजवर मंडळीने कशाबद्दलही जाब विचारलेला नव्हता.

संध्याकाळची बैठक रद्द झाली. वडीलधाऱ्यांना तसे कळवण्यात आले. वायानची आई जेवण वाढून आत निघून गेली. होकार द्यायचा की नाही हे यादोरावांनी ठरवायचे आहे, असे आम्ही गोंदियापासून धरून चाललो होतो. तो समोरच्यांनीही द्यायचा असतो, हे त्या संध्याकाळी लक्षात आले.

"मामा, हे नाई म्हनतीन का आता?" प्रणालीने मला विचारले.



मंडळी

दुसऱ्या दिवशी न्योमान यांना शेतातल्या देवळाशेजारच्या उघड्या मांडवात बोलावले. फक्त न्योमान यांना. यादोराव कपडे घालून तयार झाले.

"भाऊजी, तुमाले नाई बोलावलं," मी म्हणालो.

"बुजवलं कोनं?"

देवळाच्या आवारात जायला कमरेला कापड बांधावे लागते. यादोरावांनी गमछा बांधला. त्याला कोणी हरकत घेतली नाही. मांडवात सगळे मांडी घालून बसले होते. यादोरावही बसले. मंडळीचे प्रमुख बाली भाषेत विचारत, वायान ते इंडोनेशियनमध्ये प्रणालीला सांगे, प्रणाली वडिलांना. उत्तर त्याच वाटेने परत जाई.

खाच का बुजवली, हा पहिला प्रश्न होता.

"आमच्या गावात पानी वाहताना दिसलं का पहिले बुजवतो, मंग मालकाले सांगतो. इथं बुजवलं. सांगाचं रायलं."

तुम्हाला ते काम कोणी दिले आहे?

"कोनी नाई. ज्याले दिसते त्यानं करावं."

आणि ज्याची पाळी आहे त्याचेच पाणी चुकून बुजवले, तर?

यादोरावांनी थोडा विचार केला. "तं तो मले शिव्या देईन."

मग?

"मंग मी खाईन. शिव्या."

हे वाक्य पलीकडे जायला वेळ लागला. प्रमुखांनी माडेकडे पाहिले. माडे एक छोटे वाक्य बोलला. वायानने त्याचे भाषांतर केले नाही. मांडवातले बरेच जण खाली पाहून हसले. यादोरावांनी मान हलवली.

नंतर विषय बदलला. तुमच्याकडे पाणी कुठून येते, ते कोण सोडते, पाळी मोडली तर काय करता, असे प्रश्न आले. यादोरावांनी जमिनीवर काडीने तलाव काढला. मातीची पाळ, पाणी सोडायचा दरवाजा, ज्याला आमच्याकडे तुडूम म्हणतात, खाली पाट आणि बांध्या. ते इतके बोललेले मी पाहिले नव्हते. दोघे जण उठून जवळ आले आणि चित्रावर वाकले. पाळ फुटली तर? "सारं गाव जाते. मानूस, बाई, पोट्टे. पहिले माती, मंग भाकर." पाळ किती रुंद असते, असे एकाने विचारले. यादोराव उठले आणि पावले टाकून ती दाखवायला निघाले. मांडव कमी पडला.

निर्णय झाला तो असा. न्योमान यांनी माडेच्या शेतात नैवेद्य ठेवावा. यादोरावांनी एक सकाळ मंडळीसोबत पाट साफ करावा. प्रकरण तिथे संपले असे प्रमुखांनी जाहीर केले.

पाट साफ करताना यादोराव माडेच्या शेजारी होते. तिथले फावडे आमच्यापेक्षा लांब दांड्याचे आहे. त्यांना ते जड वाटले, पण त्यांनी सांगितले नाही. काम संपल्यावर माडेने त्यांना सिगारेट दिली. यादोराव सिगारेट ओढत नाहीत. त्यांनी ती कानावर ठेवली.

बातूर

त्यानंतरच्या दिवशी न्योमान यांनी वायानला गाडी काढायला सांगितली. ज्या तलावाचे पाणी अडवले तो यांना दाखवला पाहिजे, एवढेच कारण त्यांनी दिले.

बातूर हा जिवंत ज्वालामुखी आहे. मोठ्या जुन्या विवराच्या कडेवरून खाली पाहिले, की मधोमध काळा डोंगर आणि त्याच्या पायथ्याशी तलाव दिसतो. लाव्हा जिथून वाहत गेला तो पट्टा अजून काळा आहे. नांगरून सोडलेल्या आणि मग दगड झालेल्या शेतासारखा. त्याला लागून लोकांनी कांदा आणि टमाटर लावले आहेत. कडेवरच्या देवळात तलावाची देवी आहे. देऊळ पूर्वी खाली होते, लाव्हा आल्यावर वर हलवले.

देवळातून निघाल्यावर यादोरावांनी तलाव एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजरेने तपासला.

"तुडूम कोठी हाये?"

नाही, असे वायान म्हणाला. पाणी डोंगराच्या आतून झिरपते आणि खाली झऱ्यांतून निघते, असे इथले लोक मानतात.

"मंग सोडते कोन?"

वायानने देवळाकडे हात केला.

"अना तिचं ऐकते कोन?"

"सगळे."

"आमच्या इथं सभापतीचं कोनी ऐकत नाई," यादोराव म्हणाले. प्रणालीने हे भाषांतर केले. न्योमान पहिल्यांदा हसले.

आम्ही डोंगर चढलो. वरची वाट भुसभुशीत राखेची आहे; एक पाऊल पुढे टाकले की अर्धे मागे येते. माझ्या उजव्या बुटाचा तळ निघाला. यादोरावांनी गमछा फाडून तो बांधून दिला. माथ्याजवळ खडकांच्या फटींतून वाफ येते. गाइड लोक त्यात अंडी उकडून विकतात. यादोरावांनी वाफेवर हात धरला, काढला, पुन्हा धरला. जळण कोण घालते, असे त्यांनी विचारले नाही.

दोघे बाप एका खडकावर बसले. अंडी सोलताना न्योमान यांनी प्रश्न विचारला. वायानने तो सांगायला वेळ घेतला. प्रणालीने त्याहून जास्त. प्रश्न असा होता : ही इथे राहिली, तर तुमच्या तलावाच्या कामाला तुमच्यानंतर कोण जाणार?

यादोराव अंड्याकडे पाहत होते. हीच काळजी आपल्याला आहे, हे त्यांनी ताईला सांगितले नव्हते, मलाही नाही. त्यांना जात खटकते की धर्म, की अंतर, यावर घरात महिनाभर तर्क चालले होते.

"अजून कोनी नाई," ते म्हणाले. "तिले कधी म्हटलं नाई मी. म्हटलं असतं तं आली असती. म्हनून नाई म्हटलं."

प्रणालीला हे भाषांतर एका दमात करता आले नाही. वायानने वडिलांना सांगितले. न्योमान यांनी मान डोलावली. मग हाताने वायानकडे, त्याच्या गाडीच्या किल्लीकडे आणि नंतर स्वतःच्या पायांकडे दाखवले. त्याचे भाषांतर लागले नाही. यादोरावांनी आपल्या अंड्यातले अर्धे त्यांना दिले. न्योमान यांच्या हातात आधीच एक पूर्ण अंडे होते. त्यांनी अर्धेही घेतले.

खाली उतरताना यादोराव प्रणालीच्या पुढे चालत होते. एका अवघड जागी थांबून त्यांनी मागे हात दिला.

"बाबा, मंग?" तिने विचारले.

"माह्याकडून हाव हाये," त्यांनी होकार दिला. "तिकडचं तू विचार."

तिकडून उत्तर आले नाही. आधी पंचांग पाहावे लागेल, वडीलधाऱ्यांना पुन्हा बोलवावे लागेल, असे न्योमान यांनी कळवले. आम्ही निघेपर्यंत ते आले नव्हते.

नवेगाव बांध

मृगाच्या आधी पोहोचलो. ताईने दारातच विचारले, "होकार देल्ला का?"

"देल्ला. त्यायनं अजून देल्ला नाई."

"त्यायनं? त्यायले काय अडचन हाये? आपल्या पोरीत काय कमी हाये?"

यादोराव पाय धुवायला गेले. काय झाले ते ताईला मी सांगितले. ऐकून ती म्हणाली, "यायले तिथंही पानी दिसलं."

पऱ्हे टाकून झाले. पाऊस लांबला, मग आला. रोवणी चालू असताना प्रणालीचा फोन आला. न्योमान यांच्या घरी गावातली वडीलधारी मंडळी बसली. माडेही होता. बैठकीत काय बोलणे झाले ते तिला सांगण्यात आलेले नाही. लग्नाचा महिना ठरलेला नाही. न्योमान आणि त्यांच्या पत्नीने पासपोर्टसाठी फोटो काढले आहेत.